पहिल्या पेशीचं वाक्य

कुसुम,

परवा तुझी शोकसभा झाली. तू नव्हतीस ते बरं, नाहीतर मधूनच उठून चहाला गेली असतीस. आपल्या वाचनालयाचं तेच सभागृह, तेच गचके देणारे पंखे आणि तेच अध्यक्षसाहेब. तुझ्या फोटोला हार फार मोठा आणला होता. तो दोनदा गुंडाळून घातला, तेव्हा तुझा चष्मा आणि कपाळ एवढंच बाहेर उरलं. त्यामुळे तू हाराच्या आडून सगळ्यांवर पाळत ठेवते आहेस असं वाटत होतं. अध्यक्षसाहेब म्हणाले, "कुसुमताईंनी अंड्यांच्या क्षेत्रात जी भरीव कामगिरी केली, ती नागपूर विसरणार नाही." मागच्या रांगेत बसलेल्या तुझ्या प्रयोगशाळेच्या चौकीदाराला हसू आलं, ते त्याने खोकल्यावर नेलं. मग मलाही खोकला आला. दोन मिनिटांचं मौन चाळीस सेकंदांत संपलं. लाउडस्पीकरवाल्याला पुढे एका लग्नघरी साक्षगंधाला जायचं होतं.

तुझ्या घरी मात्र नीट झालं. उमरेडहून तुझे भाऊ आले होते. त्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, कुणी भाषण केलं नाही, आणि तुझ्या वहिनीने मला विचारलं, "तुम्ही म्हणजे त्या भांडणाऱ्या लायब्ररीवाल्या बाई ना?" माझी ओळख उमरेडपर्यंत अशी पोहोचली आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आता कार्यकारी मंडळाने मला स्मरणिकेसाठी तुझ्यावर एक पान लिहायला सांगितलं आहे. 'निगर्वी' हा शब्द यावा अशी सूचना आहे. तू निगर्वी नव्हतीस. तुझी एक ओळ कापली म्हणून तू चार वर्षं माझ्याशी भांडलीस. निगर्वी माणूस असं करत नाही. तुझी मागणी एकच होती, शुद्धिपत्र. एका वाक्याचं शुद्धिपत्र छापून दे, मग मी बोलणार नाही, असं तू म्हणायचीस, आणि मी ते छापत नव्हते. त्यातलं निम्मं कारण तू बोलणं बंद करशील ही भीती होती. उरलेलं निम्मं कारण मी तुला कधी सांगितलं नाही. ते आज सांगायचं आहे, म्हणून हे एका पानात मावणार नाही. मंडळाने हवं तर माझ्यावर शोकसभा घ्यावी.

आपल्या तिघांची, म्हणजे तुझी, माझी आणि माझ्या दादाची, गाठ पडली ती अंड्यांमुळे. तुझी सरकारी नोकरी म्हणजे कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची लस करणं. ती लस फलित अंड्यात वाढवतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. लस औषधाच्या दुकानात वाढते अशी माझी समजूत होती. लस करता करता तुला एक छंद लागला. एखाद्या अंड्यात आधी उष्णतेने मारलेला विषाणू टोचला, तर दुसऱ्या दिवशी दिलेला जिवंत विषाणू तिथे नीट वाढत नाही, हे तू परदेशी मासिकात वाचलं होतंस. मधल्या वेळात अंड्यातल्या पेशी एक प्रथिन सोडतात आणि ते पुढच्या विषाणूच्या कामात आडकाठी घालतं. म्हणून त्याचं नाव इंटरफेरॉन. तुला हे वाचून समाधान नव्हतं, स्वतः करून बघायचं होतं. साहेबांनी "उरलेल्या अंड्यांवर काय करायचं ते करा" असं म्हटल्यावर तू बेचाळीस अंडी बाजूला काढलीस. एकवीस अंड्यांत मारलेला विषाणू टोचला, एकवीस अंड्यांत नुसतं मिठाचं पाणी. आणि त्याच दिवशी तुमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर उडाला.

मे महिना. बाकीच्या जगात वीज गेली की इन्क्युबेटर थंड पडतो. नागपुरात तो उकळायला लागतो. अंड्याला हवेत साडेसदतीस अंश, आणि तुमच्या खोलीत झाले चव्वेचाळीस. तू सायकलरिक्षात मांडीवर तीन ट्रे घेऊन, वरून ओला टॉवेल टाकून, भर दुपारी आमच्या दारात उभी राहिलीस. आपली ओळख तोवर वाचनालयाच्या खिडकीपुरती होती. तू आत येत विचारलंस, "तुमच्या घरी कूलर आहे ना वं?"

मी हो म्हणायच्या आत तू चपला काढून थर्मामीटर घेऊन आमच्या घरात फिरायला लागलीस. कूलरसमोर एकोणतीस. स्वयंपाकघरात एक्केचाळीस. माझ्या पुस्तकांच्या कपाटावर पस्तीस, ते तुला पटलं नाही. मग स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या भिंतीत जो कोनाडा आहे, तिथे तू थर्मामीटर धरलास आणि तुझा चेहरा उजळला. साडेसदतीस, सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. तो कोनाडा म्हणजे आमचं देवघर.

दादा त्या वेळी नुकताच रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाला होता. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, लग्न न केलेला, रोज तासभर पूजा करणारा, जन्मात अंड्याला हात न लावलेला माणूस. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते. दादाने चष्मा पुसला, ट्रेमध्ये वाकून पाहिलं आणि विचारलं, "जिवंत आहेत?"

"हाव. दहा दिवसांचे."

"मग हालवा देव," दादा म्हणाला. "देवाचं काय, तो ॲडजस्ट करते."

गोपाळकृष्ण रेडिओवर गेला, गणपती घड्याळाशेजारी, आणि देवघरात अंडी बसली. मी दादाला विचारलं, "तुला चालतं हे?" तो म्हणाला, "अंडं खायचं नाही असं शास्त्रात आहे. सांभाळायचं नाही असं कुठं लिहिलं आहे काय?"

तू जाताना सांगून गेलीस की दर तीन तासांनी अंडी अलगद अर्धी फिरवायची, बाकी काही करायचं नाही. "बाकी काही करायचं नाही" हे वाक्य रेल्वेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला सांगणं ही तुझी चूक होती. दादाने अंडी घड्याळ लावून फिरवली, आणि फिरवताना त्याच्या लक्षात आलं की अंड्यांवर पेन्सिलने टाकलेले आकडे ओळीत नाहीत. सातनंतर बावीस, बावीसनंतर तीन, तीनशेजारी एक्केचाळीस. पार्सल ऑफिसात असा माल कोणी स्वीकारला नसता. दादाने ओलं फडकं घेऊन बेचाळीस अंडी एकेक करून पुसली आणि ठेवली होती त्या क्रमाने एक ते बेचाळीस आकडे नव्याने टाकले. आणि तेही त्याच्या त्या कॉपिंग पेन्सिलने. जीभ लावली की जांभळी उमटते आणि मग काही केल्या पुसली जात नाही, ती. विस्कटलेलं काहीतरी नीट लावल्याचा आनंद त्याच्या तोंडावर होता.

दुसऱ्या दिवशी वीज आली, तू अंडी घेऊन गेलीस. कुठल्या अंड्यात काय टोचलं ते फक्त तुझे ते फिकट आकडे सांगत होते. विषम म्हणजे मारलेला विषाणू, सम म्हणजे मिठाचं पाणी. जांभळे ठळक आकडे बघून तुला वाटलं, दादांनी तुझेच आकडे गिरवून पक्के केले. तू त्याच भरवशावर सगळ्या अंड्यांत जिवंत विषाणू दिलास. चार दिवसांनी तुझा निकाल आला. वीस अंडी जगली, बावीस मेली, आणि जगण्यामरण्याचा सम-विषमाशी काही संबंध नव्हता. तू आमच्याकडे येऊन विचारलंस, "दादा, तुम्ही नंबर गिरवले होते ना?"

"गिरवले कशाला? ओळीत लावले. फार घोळ होता त्यात."

तू खुर्चीत बसलीस. मला वाटलं आता रडशील. तू हसायला लागलीस ती इतकी की दादाने पाणी आणलं. "दादा, आता इंटरफेरॉन आहे की नाही हे देवालेच ठाऊक."

"मग विचार ना त्याले," दादा म्हणाला. "त्याच्याच घरी तं होते."

त्या दिवसापासून तू दर रविवारी येऊ लागलीस. येताना दारातूनच ओरडायचीस, "काय वं लायब्ररी, चहा करून राहिली का नुसती वाचून राहिली?" मला जगात सुधा म्हणणारी माणसं पुष्कळ होती. लायब्ररी म्हणणारी तू एकटीच.

दादाच्या पोटात गाठ निघाली ती आणखी काही वर्षांनी. त्याच सुमाराला वर्तमानपत्रांना इंटरफेरॉनचा शोध लागला. म्हणजे शास्त्रज्ञांना लागून वीस-बावीस वर्षं झाली होती. वर्तमानपत्रांना तेव्हा लागला. कर्करोगावर रामबाण, उद्याची संजीवनी, असे मथळे रोज येऊ लागले. मी जन्मभर मथळ्यांना हसलेली बाई. पण त्या दिवसांत मी ते कात्रीने कापून वहीत चिकटवत होते. कुणाला सांगितलं नव्हतं. तुला एकदा स्वयंपाकघरात विचारलं, "मुंबईला मिळेल का गं ते?"

"मिळत नाही. माणसाच्या रक्तातून काढतात, बादलीभर रक्तातून थेंबसुद्धा निघत नाही. आणि मिळालं तरी कोणाले लागू पडते, कोणाले नाही, हे अजून त्यांलेच समजलं नाही."

"निदान 'बघू' तरी म्हण."

"मी 'बघू' म्हणत नसते. 'बघू' हा सरकारी शब्द आहे."

मला तेव्हा तुझा फार राग आला. तू खोटं बोलली असतीस तर मी तुला मनातून हसले असते, पण रात्री जेवले असते.

दादाला मात्र तुझ्याकडून औषध नको होतं, माहिती हवी होती. कॅरमबोर्ड मांडून तुम्ही दोघं बसायचात, आणि सोंगट्या राहायच्या बाजूला. तू सांगायचीस की विषाणू पेशीत शिरतो आणि तिचंच सामान वापरून स्वतःच्या नकला काढतो. दादा विचारायचा, "म्हणजे स्टेशन ताब्यात घेते?" तू म्हणायचीस, हो. मग ती पेशी इंटरफेरॉन सोडते, ते शेजारच्या पेशींना जाऊन चिकटतं. "म्हणजे तार करते पुढच्या स्टेशनले." हो. पण दादा, ते इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारत नाही हं. "तार कधी गाडी थांबवते काय? तार मिळाल्यावर सिग्नल पाडावा लागते. तो स्टेशन मास्तरनंच पाडायचा." बरोबर, शेजारची पेशी आपली तयारी आपणच करते, मग विषाणू आला तरी त्याला नकला काढता येत नाहीत. शिवाय रक्तातल्या पहारेकऱ्यांनाही हाक जाते. दादा मान हलवायचा. "आमच्याकडं अशा वेळी कंट्रोल ऑफिसले कळवत." मी आतून ऐकायचे. माझ्या कपाटात जीवशास्त्राची अकरा पुस्तकं होती. त्यातल्या एकातही हे इतकं स्वच्छ नव्हतं.

मग एका रविवारी दादाने विचारलं, "अन् पहिल्या स्टेशनचं काय होते वं?"

तू हातातला स्ट्रायकर खाली ठेवलास. मी दारात चहाचा ट्रे घेऊन थांबले.

"ते बहुतेक जाते, दादा," तू म्हणालीस.

"हं," दादा म्हणाला, आणि त्याने राणी घेतली.

व्याख्यानाची कल्पना माझी. त्या हिवाळ्यात सगळ्यांच्या तोंडी इंटरफेरॉन होतं, आणि गावात ते डोळ्यांनी नाही तरी हातांनी शोधणारी एक बाई होती. तुला विषय हवा होता 'पेशी शेजारणीला काय सांगते'. मंडळाने छापला 'इंटरफेरॉन : संजीवनी की मृगजळ?' अध्यक्षसाहेब प्रास्ताविक करायला उठले आणि त्यांनी पन्नास मिनिटं केलं. आपल्या ऋषिमुनींना हे प्रथिन ठाऊक होतं, फक्त ते त्याला वेगळ्या नावाने ओळखत, असं त्यांनी सांगितलं; ते नाव कोणतं हे सांगितलं नाही. तुझ्या वाट्याला आली पंधरा मिनिटं. तू त्यातली एक हार काढण्यात घालवलीस आणि चौदा मिनिटांत दादाची सगळी रेल्वे पळवलीस. पहिल्या रांगेत शालीत गुंडाळलेला दादा प्रत्येक स्टेशनला मान डोलवत होता.

प्रश्नोत्तरं तर मला तोंडपाठ आहेत. एका काकांनी विचारलं, "अंडे खाल्ल्यानं मिळते काय हे?"

"नाही मिळत. प्रोटीन आहे ते, पोटात जाऊन पचून जाते. अन् कोंबडीचं कोंबडीलेच कामी येते, माणसाले माणसाचं लागते."

"मग आम्हा शाकाहारी लोकांचं कसं?"

"तुमच्या पेशी तुम्हाले विचारून करत नाहीत काका. सर्दी झाली की आपोआपच सुरू होते. ताप येते, अंग ठणकते, ते आपण विषाणूच्या नावावर घालतो. त्यातलं बरंचसं याचंच काम असते."

"म्हणजे औषधानंच दुखते म्हणा ना!"

"तार खणखणली की मास्तरची झोप मोडतेच," तू म्हणालीस, आणि सभागृहात टाळ्या पडल्या. पहिली टाळी दादाची.

तुझं शेवटचं वाक्य त्याआधी होऊन गेलं होतं. भाषण संपवताना तू म्हणालीस की अशा रीतीने शेजारच्या पेशी सावध होतात आणि शरीर वाचतं. आणि मग म्हणालीस, "मात्र जिने ही सूचना दिली ती पहिली पेशी बहुतेक वेळा वाचत नाही." मी त्या वेळी फरशीकडे बघत होते. फरशीला एक तडा आहे, व्यासपीठापासून तिसऱ्या खुर्चीपर्यंत. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला.

भाषणाचा वृत्तान्त स्मरणिकेसाठी मी लिहिला, आणि ते वाक्य कापलं. तू विचारलंस तेव्हा मी संपादकाच्या थाटात म्हटलं, "'शरीर वाचतं' इथे लेख छान संपतो. पुढे उगाच ताणलं जातं."

"छान संपते, पण खोटं संपते."

"खोटं कसं? त्यात एकही चुकीचा शब्द नाही."

"अर्धं सांगतलं की झालं चुकीचं. अगं, ती पेशी स्वतःसाठी काही करत नाही, हीच तं गोष्ट आहे सगळी! तिले आता काही फायदा नाही, तरी ती सांगून जाते. तेच कापलं तू. अन् शाल-श्रीफळ ठेवलं." वृत्तान्तात शाल-श्रीफळाला चार ओळी होत्या हे खरं आहे. अध्यक्षसाहेबांचे ऋषीही पूर्ण आले होते.

खरं कारण असं होतं की दादा स्मरणिका वाचणार होता. छापलेलं सगळं तो पहिल्या पानापासून मुद्रकाच्या नावापर्यंत वाचायचा. त्याच्या हातात ते वाक्य छापील अक्षरांत पडू नये, एवढंच मला हवं होतं. ऐकलेलं विरून जातं, छापलेलं राहतं, असं मी मानते. ग्रंथपालाला दुसरं काही मानता येत नाही. हे तुला सांगितलं असतं तर तू एका शब्दाने पुढे बोलली नसतीस. पण सांगायचं म्हणजे दादा जाणार हे तोंडाने म्हणावं लागलं असतं. ते माझ्याने होईना. त्यापेक्षा तुझ्याशी भांडणं सोपं होतं.

मग तू तुझं हत्यार काढलंस. वाचनालयात स्मरणिकेच्या नऊ प्रती होत्या. एका सोमवारी मला दिसलं की नऊच्या नऊ प्रतींत त्या पानाच्या तळाशी, अंड्यावर लिहावं तशा फिकट पेन्सिलीने, ते वाक्य लिहिलेलं आहे. वर 'पुस्तकांवर काही लिहू नये' ही पाटी, माझ्याच अक्षरातली. मी रबर घेऊन बसले आणि नऊ प्रती साफ केल्या. पंधरा दिवसांनी वाक्य परत आलं. मी परत खोडलं. तू खिडकीशी येऊन गोड आवाजात विचारायचीस, "काय वं लायब्ररी, रबर संपलं तं नाही? आणून देऊ?" चार वर्षं हे चाललं. दादा गेला, वर्ष झालं, दोन झाली, आता कापण्याचं कारणही उरलं नव्हतं, तरी चाललं. खरं सांगू का? दादानंतरच्या पहिल्या सोमवारी मी नऊ प्रती उघडून बसले, आणि तुझं वाक्य तिथे होतं, आणि मला बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र तेव्हाच माझ्या लक्षात आली होती. दादाच्या प्रतीत तू लिहिलं नाहीस. स्मरणिका निघाल्यावर पहिला महिनाभर मी दर रविवारी, तू गेल्यावर, त्याच्या उशाची प्रत गुपचूप तपासायचे. पान कोरं असायचं. एकही प्रत न सोडणारी तू, ती एक सोडलीस. मला वाटलं, तुला संधी मिळाली नसावी. मग दादाचं दुखणं वाढलं आणि मी तपासणं सोडून दिलं.

आता तुझ्या तापाबद्दल. पहिल्या आठवड्यात मी आले तेव्हा तू पडल्या पडल्या व्याख्यान देत होतीस. "अंग ठणकून राहिलं वं. म्हणजे पोरी कामाले लागल्या." दुसऱ्या आठवड्यात डोळे पिवळे झाले होते, आणि तू डॉक्टरांना त्यांच्या हस्ताक्षरावरून बोलत होतीस. जाताना तू माझा हात धरून विचारलंस, "माझं शुद्धिपत्र?"

"पुढच्या अंकात बघू," मी म्हटलं.

"बघू," तू म्हणालीस, आणि हसलीस. "लागली का सरकारी नोकरी?"

आपलं शेवटचं बोलणं ते. मी 'बघू' म्हटलं. जन्मभर शब्दांची चाकरी केली, आणि नेमका तोच हाताशी आला.

हे पान लिहायला बसले तेव्हा मला वृत्तान्ताची एक धड प्रत हवी होती. वाचनालयाच्या नऊही प्रती काढल्या. चार वर्षांच्या खोडाखोडीने त्या पानाच्या तळाशी कागद कांद्याच्या सालासारखा झाला आहे, आणि पाच प्रतींना तर आरपार भोक पडलं आहे. पलीकडच्या पानावरचा अध्यक्षांचा फोटो त्यातून एका डोळ्याने बघतो. मग दादाची प्रत आठवली. ती त्याच्या ट्रंकेत, पार्सल ऑफिसच्या शिट्टीखाली होती. मी ती ट्रंक दादा गेल्यापासून उघडली नव्हती.

पान कोरं नव्हतं. 'शरीर वाचतं' याच्या खाली जांभळ्या कॉपिंग पेन्सिलने, जीभ लावलेल्या त्या ठळक अक्षरांत, दादाने लिहिलं होतं :

'पहिलं स्टेशन जाते. पण तार करून जाते. सुधाले दाखवू नको.'

आणि त्याच्या खाली फिकट, अंड्यावरच्यासारखं, तुझं अक्षर :

'हाव, दादा.'

मी रबर आणायला उठलेही होते, इतकी सवय. मग आठवलं, ही पेन्सिल जात नाही.

म्हणजे ज्याच्यापासून मी लपवत होते त्याने ते माझ्याच छपाईवर दुरुस्त करून ठेवलं होतं. तू त्याला दिलेला शब्द राखलास, आणि मला ती प्रत कधी उघडायला लावली नाहीस. उरलेल्या नऊ प्रतींवर मात्र भांडत राहिलीस. तुम्ही दोघांनी मिळून मलाच सांभाळलं. अलगद, दर काही दिवसांनी थोडं फिरवून, बाकी काही न करता.

आज सकाळी मी मंडळाला कळवलं की 'निगर्वी' येणार नाही. दादाची प्रत परत ट्रंकेत ठेवली, जशी होती तशी. रबर खिडकीतून टाकणार होते, पण मुलं चित्रं काढायला मागतात, म्हणून ठेवलं. नऊ प्रतींना आता कुणी हात लावणार नाही. आणि पुढच्या अंकाची वाट न बघता, याच पानावर, शाईत :

शुद्धिपत्र. या वाचनालयाच्या चार वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेतील 'इंटरफेरॉन' या वृत्तान्तात 'शरीर वाचतं' यापुढे वक्त्याचं एक वाक्य संपादकाने जाणूनबुजून गाळलं होतं. ते असं वाचावं : 'मात्र जिने ही सूचना दिली ती पहिली पेशी बहुतेक वेळा वाचत नाही.' वाक्य वक्त्याचं. चूक संपादकाची. सूचना पोहोचली आहे.